कासव घरी आणण्याआधी

मुलांच्या हट्टापायी आपण डोळ्यामागे लाल पट्टा असलेले इवलेसे कासव वाडग्यात आणून ठेवतो. तेच वाढून ताटाएवढे होते, २०-३० वर्षे जगते. त्याला पोहण्यापुरते पाणी, चढून बसायला कोरडा दगड आणि ऊन-सावली लागते.

कासव धडधाकट दिसले तरी त्याच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात. त्यांनी जुलाब, ताप येतो. म्हणून ५ वर्षांखालचे मूल असलेल्या घरांना आम्ही सांगतो, कासव आणू नका. आधीच असेल तर मोरी एकच असलेल्या घरात त्याची टाकी भांड्यांजवळ धुऊ नका. पाणी संडासात ओता. हाताळल्यावर साबणाने हात धुवा.

नकोसे झाले म्हणून तलावात सोडू नका. तिथल्या कासवांचे अन्न-जागा ते बळकावते. पहिले शील पाळायचे तर आणलेला जीव शेवटपर्यंत सांभाळावा.