पेनड्राईव्ह आल्याचे कोणी कोणाला सांगितले?

गोंदिया जिल्ह्यातील बोदलकसा येथे, तलावाकाठी, शिक्षकांना आम्ही पक्ष्यांची छायाचित्रे दाखवत होतो. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाला पेनड्राईव्ह लावताच पडद्यावर खिडकी उघडली. एका बाईंनी विचारले, "हा आल्याचे त्या खिडकीला कोणी सांगितले?" प्रश्न साधा, पण उत्तर विचार करण्याजोगे आहे.

प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःची वेगळी स्मृती मिळते. दुसऱ्याच्या स्मृतीत डोकावायचे नाही, हा ऑपरेटिंग सिस्टिमचा कडक नियम. त्यामुळे एक प्रोग्रॅम बिघडला तरी दुसरा शाबूत राहतो. मग त्यांनी एकमेकांशी बोलायचे कसे? मुख्य मार्ग तीन. शाळेच्या उदाहरणाने ते पाहू.

पहिला मार्ग हातोहात दिलेल्या चिठ्ठीचा. युनिक्समध्ये १९७३ साली आलेला 'पाईप' आणि १९८३ च्या बर्कली युनिक्सने रुजवलेले 'सॉकेट' या प्रकारचे. दोघांतच बोलणे असेल तर हा मार्ग सोपा आणि जलद. मात्र पाईपमधून बाइट पाण्यासारखे वाहतात. एक निरोप कोठे संपला हे दोघांनी आधीच ठरवावे लागते. अशा ठरावालाच प्रोटोकॉल म्हणतात.

दुसरा मार्ग शिपायाने वर्गावर्गात फिरवायच्या नोटीस वहीचा. लिनक्समधील 'डी-बस' हा असा शिपाई. कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, पेनड्राईव्ह दिसतो; 'यूडिस्क्स' ही सेवा त्याची बातमी डी-बसवर देते; आणि ज्या प्रोग्रॅमांनी आधी नाव नोंदवले आहे त्या सर्वांना ती मिळते. खिडकी उघडली ती अशी. ऐकणारे किती, हे सांगणाऱ्याला माहीत असावे लागत नाही. परंतु प्रत्येक निरोप मध्यस्थामार्फत जात असल्याने वेळ लागतो.

तिसरा मार्ग सामायिक स्मृतीचा, म्हणजे सर्वांसाठी एकच फळा. चलच्चित्रासारखी प्रचंड माहिती येथे पुन्हापुन्हा उतरवून घ्यावी लागत नाही. पण दोघांनी एकाच वेळी खडू चालवला तर गिचमीड होते. म्हणून पाळी ठरवणारे 'कुलूप' हवेच.

मग निवड कशी करावी? ऐकणारे किती, माहिती केवढी, हे तर पाहावेच. त्याहून महत्त्वाचे, शिपाई अजून शाळेत आलाच नसेल तर काय? संगणक सुरू होताना डी-बस जागा होण्यापूर्वीही काही सेवांना एकमेकींशी बोलावे लागते. याच अडचणीमुळे लिनक्समधील 'सिस्टिमडी'ने 'व्हार्लिंक' हा प्रोटोकॉलही स्वीकारला. त्यात सॉकेटवरून थेट बोलणे होते, आणि निरोप डोळ्यांनी वाचता येईल अशा मजकुरात असतात. यंत्राला असा मजकूर उलगडण्यास थोडे अधिक श्रम पडतात; पण बिघाड शोधणाऱ्या माणसाचे तास वाचतात. सर्वांत जलद मार्ग तोच सर्वांत योग्य असे नाही, ते यामुळेच.

वर्गात हा प्रयोग करून पाहा. एकच निरोप चिठ्ठीने, वहीने आणि फळ्यावरून पोहोचवा, आणि प्रत्येक वेळी तो कोठे अडला याची नोंद ठेवा.