गाविलगडाच्या लढाईवर शिकायलाही पैसा मिळतो



मृगाच्या आधी बडनेऱ्याजवळच्या एका घरी सोयाबीनची उगवणशक्ती तपासून दाखवत होतो. ओल्या गोणपाटात दाणे गुंडाळून झाले, चहा आला, तसे घरधनी हळूच म्हणाले, "साहेब, पोरगी इतिहासात एम.ए. झाली. आता गाविलगडाच्या लढाईवर पीएच.डी. करतो म्हणते. इतिहासानं पोट भरते काय?"

मी पडलो कृषी पदवीधर. पण घरी येऊन चौकशी केली.

आधी लढाईचे ऐका. 29 नोव्हेंबर 1803 रोजी अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या शिवारात भोसले-शिंद्यांच्या फौजा इंग्रजांपुढे हरल्या. 15 डिसेंबरला गाविलगड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता गेला. 30 डिसेंबरला शिंद्यांशी तह झाला तो आपल्या अंजनगाव सुर्जीला. इंग्रज सेनापती वेलस्ली. पुढे 1815 साली वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच. डोंगरात वाट फोडून शिपायांनी अवजड तोफा हातांनी ओढून नेल्या, हे इंग्रजांनी लिहून ठेवले आहे. पण एवढ्या फौजांच्या जनावरांना कडबा कोणाच्या गंजीतून गेला? त्याच सुमारास, 1803-04 साली, वऱ्हाडात दुष्काळ होता. हे शोधून गावाला सांगायचे तर आपल्याच घरचे पोर लागेल.

आता पैशाचे. एम.ए.नंतर 'नेट' परीक्षेत वरच्या गुणांनी कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळवली, तर 2023 पासून पहिली दोन वर्षे महिना 37,000 रुपये ठरले आहेत. शिवाय पुस्तके-प्रवासाला वर्षाचे 10,000. वयाची अट 30 वर्षे; मुलींना व राखीव गटांना सवलत आहे. ती हुकली तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्था आपापल्या समाजगटातील संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. दिल्लीची भारतीय इतिहास अनुसंधान परिषदही देते. जागा मोजक्या असतात, जाहिरात आली की मुदतीत अर्ज हवा. जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर आधीच काढून ठेवा. ऐन वेळी तहसीलच्या चकरा मारू नका.

एक मात्र स्पष्ट सांगतो. हा पैसा पगारासारखा एक तारखेला येत नाही. माझ्या पुतण्याची रक्कम एका कार्यालयात आठ महिने अडकली होती. भावाने घरात ठेवलेला कापूस पडत्या भावात विकला. म्हणून पहिल्या वर्षाचा खर्च बी-भरणासारखा बाजूला ठेवूनच पोरीला पाठवा.

गेल्या आठवड्यात त्या घरी पुन्हा गेलो. घरधन्यांनी माळ्यावरची पेटी उतरवली होती. आत मोडीचे कागद, कडा वाळवीने खाल्लेल्या. ते त्यावर गव्हातली पावडर टाकायला निघाले होते! तसे करू नका. उन्हातही वाळवू नका. सुती कापडात सैल गुंडाळून कोरड्या जागी, भिंतीपासून दूर ठेवा, आणि मोडी वाचणाऱ्याला दाखवल्याशिवाय एकही कपटा रद्दीत घालू नका. कडब्याचा हिशेब कदाचित त्यातच असेल.