सार्वजनिक उद्याने, मुक्त खेळ आणि निसर्गसान्निध्य

शहरी मुलांचा निसर्गाशी असलेला संबंध तुटत चालला आहे, याचा दोष सामान्यतः दूरचित्रवाणी आणि भ्रमणध्वनी यांना दिला जातो. हा प्रश्न त्याहूनही अधिक जागेचा व त्या जागेच्या रचनेचा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

आपल्या पारंपरिक खेळांवरून हे स्पष्ट होईल. सूरपारंबीला पारंब्यांचे अथवा झुकलेल्या फांद्यांचे झाड लागते. विटी कोलण्यासाठी जमिनीत खाच करावी लागते. आट्यापाट्यांच्या पाट्या मातीवर आखाव्या लागतात. उद्यानात पेव्हर ब्लॉक बसविले आणि झाडांभोवती कठडे उभारले की हे तिन्ही खेळ एकदमच संपतात. उरतात घसरगुंडी, झोका आणि ‘हिरवळीवर चालू नये’ ही पाटी.

डेन्मार्कमधील उद्यानरचनाकार सी. टी. सोरेन्सन यांनी १९३१ मध्येच एक निरीक्षण नोंदविले होते. मुद्दाम बांधलेल्या क्रीडांगणांपेक्षा मुले पडीक व बांधकामाच्या जागी अधिक रमतात, असे त्यांना आढळले. त्यांच्या कल्पनेनुसार १९४३ मध्ये कोपनहेगनजवळील एम्ड्रुप येथे पहिले ‘भंगार क्रीडांगण’ सुरू झाले. तेथे ठरावीक खेळणी नव्हती. फळ्या, विटा, माती, हत्यारे आणि देखरेखीस एक जाणती व्यक्ती, एवढेच होते. ब्रिटनमध्ये लेडी ॲलन ऑफ हर्टवुड यांनी या कल्पनेचा पुरस्कार केला व बॉम्बवर्षावाने उद्ध्वस्त झालेल्या जागाही त्यासाठी वापरात आल्या. पुढे १९७१ मध्ये सायमन निकोल्सन यांनी यामागील तत्त्व मांडले: परिसरात हलविता, जोडता व बदलता येणाऱ्या वस्तू जितक्या अधिक, तितका सर्जनशीलतेस वाव अधिक. आपल्याकडे अशा वस्तू फुकट मिळतात. चिंचोके, शेंगा, काटक्या, खडे, सुकी पाने. मात्र उद्यानाची झाडलोट करताना आपण त्या रोज सकाळी कचरा म्हणून बाहेर काढतो.

मुंबईत धारावीलगत मिठी नदीच्या काठी असलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान येथे उल्लेखनीय ठरते. पूर्वी कचराभूमी असलेल्या सुमारे ३७ एकर जागेवर वृक्षराजी वाढवून ते १९९४ मध्ये खुले करण्यात आले. उजाड भूमी पुन्हा सजीव करता येते, याचा हा ठोस पुरावा होय. तथापि ते मुख्यतः निसर्गशिक्षणाचे केंद्र आहे. तेथे मुलाला झाडाचे नाव कळते. झाडावर चढण्यासाठी त्याला घराजवळचेच मैदान हवे.

नेमके हेच मैदान सर्वाधिक असुरक्षित आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम १२७ नुसार विकास आराखड्यात आरक्षित केलेली जागा दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची सूचना देऊ शकतो. त्यानंतरच्या मुदतीतही संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. म्हणून आपल्या प्रभागातील आरक्षणांची व त्यांच्या तारखांची नोंद ठेवणे हे भूगोल व राज्यशास्त्र विभागांसाठी उपयुक्त क्षेत्रकार्य ठरेल. महाविद्यालयांची स्वतःची मैदानेही सुट्टीत परिसरातील मुलांना खुली करता येतील. मात्र दुखापत झाल्यास जबाबदारी कोणाची, हे आधी ठरवावे लागेल. असा प्रस्ताव बहुधा याच मुद्द्यावर अडतो. एम्ड्रुपने त्यासाठी देखरेख करणारी व्यक्ती नेमली होती. आपल्या उद्यानांतही पहारेकरी असतो. त्याच्या कामाचे स्वरूप तेवढे बदलावे लागेल.