बालवाचकांसाठी पुस्तकांची शिफारस : भाषा, चित्र आणि वाचक

बालसाहित्याचा अभ्यास करताना एका व्यवहारी प्रश्नाला बगल देता येत नाही. तुमच्यापैकी कोणी अंगणवाडीत काम करीत असेल, कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत, कोणी गावच्या सार्वजनिक वाचनालयात. आज ना उद्या तुम्हाला विचारले जाईल की, मुलांसाठी कोणती पुस्तके घ्यावीत? अनुदानाची रक्कम थोडी असते, मार्चअखेर जवळ आलेली असते आणि विक्रेत्याने छापील यादी पुढे ठेवलेली असते. त्या घाईत जे मागवले जाते, तेच पुढील कित्येक वर्षे त्या गावातील मुलांचे वाङ्मय ठरते. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे नमूद आहे. मात्र कोणते पुस्तक कोणत्या मुलाच्या हाती द्यावे, हे कायदा सांगू शकत नाही. ते तुम्हाला ठरवायचे आहे.

शिफारशीचे स्वरूप

'सदर पुस्तक संस्कारक्षम असून विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावे' अशा धर्तीचे शेरे तुम्ही वाचले असतील. हे वाक्य कोणत्याही पुस्तकाला चिकटवता येते, यातच त्याचे वैगुण्य आहे. उपयुक्त शिफारशीतून तीन गोष्टी कळायला हव्यात: पुस्तक कोणासाठी आहे, ते कोणत्या प्रसंगी वाचायचे आणि वाचताना अडचण कुठे येईल. तिसरी गोष्ट सहसा गाळली जाते. वास्तविक शिक्षकाला सर्वांत जास्त गरज तिचीच असते.

तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' हे पुस्तक घ्या. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने प्रकाशित केला आहे. त्याची शिफारस मी अशी करीन: 'सहावीपासून पुढे. प्रकरणे छोटी असल्याने एका तासिकेत एक सहज वाचून होते. आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा मुलांना आवडते. परंतु पोलिओ झालेल्या यासुआकीचा मृत्यू आणि युद्धात जळणारी शाळा यांची शिक्षकाने आधी तयारी करावी. ही प्रकरणे शुक्रवारी शेवटच्या तासाला घेऊ नयेत. मुलांना बोलायला वेळ मिळाला पाहिजे.' या काही ओळी लिहिण्यासाठी पुस्तक अखेरपर्यंत वाचावे लागते. मलपृष्ठावरचा मजकूर त्यासाठी पुरत नाही.

भाषेची पारख

पुस्तक कोणत्या इयत्तेसाठी आहे हे ठरवताना जोडाक्षरे मोजण्याची आपल्याकडे प्रथा आहे. अक्षरओळखीच्या पहिल्या काही महिन्यांत ती उपयोगी आहे, हे मान्य. त्यापुढे मात्र ती फसवी ठरते. 'वदन', 'सदन', 'गमन' या शब्दांत एकही जोडाक्षर नाही, तरीही दुसरीतल्या मुलाने ते कधी ऐकलेले नसतात. उलट 'क्रिकेट', 'ट्रॅक्टर', 'चप्पल' हे शब्द त्याच्या कानांवर रोज पडतात. पहिले अक्षर ओळखताच तो उरलेला शब्द अंदाजाने वाचतो. सराईत वाचनातही असा अंदाज सतत चालू असतो आणि त्याला आधार असतो तो ऐकलेल्या भाषेचा. म्हणून शब्द डोळ्यांना सोपा आहे का, यापेक्षा तो मुलाच्या कानांना ओळखीचा आहे का, हे आधी पाहावे.

माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांची शिफारस मी आग्रहाने करतो ती याच कारणाने. लेखन आणि चित्रे ही दोन्ही अंगे त्या स्वतः सांभाळतात. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्यांच्या 'राधाचं घर' या संचाचे शीर्षकच पाहा. पाठ्यपुस्तकी वळणाने ते 'राधाचे घर' झाले असते. बोलण्याची भाषा लिहिताना असा अनुस्वार देण्यास मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांचीही संमती आहे. तरीही पुष्कळ शिक्षकांना ते अशुद्ध वाटते आणि पुस्तक बाजूला पडते. नुकत्याच वाचू लागलेल्या मुलाला आपण बोलतो ते कागदावर उतरलेले दिसणे, ही साधी घटना नव्हे.

अर्थात, हे बोलणेही सर्व मुलांचे नाही. घरी अहिराणी, कोरकू, पावरी किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलाला 'राधाचं' हेसुद्धा परकेच. त्याच्यासाठी चित्राचा आधार भक्कम असलेले पुस्तक निवडावे आणि पहिले वाचन शिक्षकाने मोठ्याने करावे. चित्राविषयी मूल स्वतःच्या बोलीत जे सांगेल ते थांबवू नये, दुरुस्तही करू नये. प्रमाण रूप त्याला पुस्तकातून पुन्हा पुन्हा भेटणारच आहे.

वाचनाचा वेग वाढवण्यासाठी मालिका फार उपयोगी पडतात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आज मुलांना कालबाह्य वाटेल, अशी शंका घेतली जाते. पुण्याच्या विद्याभवनात शिकणाऱ्या या फुरसुंगीच्या पोराच्या काळात मोबाईल नव्हता, हे खरे. पण ओळखीचे पात्र, वेगवान प्रसंग आणि छोटे संवाद यांमुळे पहिले पुस्तक संपवणारे मूल दुसरे मागायला येते, आणि ग्रंथालयाला याहून अधिक काय हवे? अशोक जैन यांनी मराठीत आणलेल्या सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या कथा त्यापुढची पायरी म्हणून द्याव्यात. 'फेलूदा'तील 'दा' म्हणजे थोरला भाऊ, एवढे सांगितले की बंगाली घराचे दार उघडते.

चित्र आणि ग्राफिक कादंबरी

चित्रे असलेले पुस्तक लहानांचे आणि चित्रे नसलेले मोठ्यांचे, हा समज आपल्या ग्रंथालयांत खोल रुजलेला आहे. १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केलेल्या 'अमर चित्र कथे'वर वाढलेली पिढीही ग्राफिक कादंबरीकडे 'मोठे कॉमिक' म्हणून पाहते. सर्वसाधारण चित्रकथेत चित्र बहुधा शब्दांनी सांगितलेलेच दाखवते. चांगल्या ग्राफिक कादंबरीत मात्र शब्द न सांगितलेली गोष्ट चित्र सांगते, म्हणून ते चित्र वाचावे लागते.

'भीमायन' (२०११) हे याचे उत्तम उदाहरण. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा मजकूर मूळ इंग्रजीत आहे. चित्रे मध्य प्रदेशातील परधान गोंड कलावंत दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवलेल्या आठवणी हा पुस्तकाचा आधार आहे: साताऱ्याच्या शाळेत तहानलेले राहणे, मसूर स्थानकावर उतरलेल्या भावंडांना बैलगाडी न मिळणे, बडोद्यात राहायला जागा न मिळणे. कॉमिकमध्ये असतात तशा चौकटी येथे नाहीत. माणसांना चौकटींत कोंडायचे नाही, ही चित्रकारांची भूमिका होती. भिंती व जमिनीवर काढल्या जाणाऱ्या गोंड 'डिगना' आकृत्यांच्या वळणांनी पाने विभागली आहेत. बोलण्याचे फुगेही तीन प्रकारचे आहेत. सौम्य बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आणि मनातल्या विचाराच्या फुग्यावर मनःचक्षू दर्शवणारा डोळा.

वर्गात हे फुगे झाकून 'कोणाच्या बोलण्याला नांगी असेल?' असे विचारता येते. पाणी नाकारणाऱ्याचे शब्द कदाचित साधे, कारभारी वळणाचे असतील. त्यातले विष चित्रकाराने दाखवले आहे. शब्दाचा कोशातला अर्थ आणि उच्चारामागचा हेतू यांतील फरक समजावण्यास मला याहून सुलभ साधन आढळलेले नाही. हे पुस्तक आठवीपासून पुढे द्यावे. इंग्रजी मजकुराचे मराठी निवेदन विद्यार्थ्यांकडूनच लिहून घ्यावे. ज्या वर्गात असे अनुभव कोणाच्या घरचे असू शकतात, तेथे कोणाही एका मुलाकडे बोट दाखवून प्रश्न विचारू नये.

शॉन टॅन यांच्या 'द अरायव्हल' (२००६) या कादंबरीत निवेदनाचा एकही शब्द नाही. परमुलखात आलेल्या माणसाला तिथली लिपी वाचता येत नाही, आणि ती लिपी कल्पित असल्याने आपल्यालाही वाचता येत नाही. वर्गातला हुशार वाचक आणि ऊसतोडणीच्या हंगामामुळे दरवर्षी शाळा बदलणारे मूल या पुस्तकापुढे एकाच पातळीवर येतात. किंबहुना दुसऱ्याला ते अधिक कळते. पुस्तक महाग आहे. प्रत्येक शाळेने घेण्यापेक्षा तालुक्याच्या ग्रंथालयात एक प्रत ठेवून ती फिरवावी.

एक किरकोळ वाटणारी बाब. चित्रपुस्तके पातळ असल्याने त्यांना कणा नसतो. कपाटात उभी लावली की ती दिसेनाशी होतात. त्यांची मुखपृष्ठे दिसतील अशी दोरीवर किंवा फळीवर मांडणी करावी. पुस्तक फाटेल, हरवेल, ग्रंथपडताळणीत आपल्यावर येईल, या भीतीने कपाटाला कुलूप लागते. ही भीती निराधार नाही. म्हणून नवी खरेदी करतानाच फाटणाऱ्या प्रती गृहीत धरून मुख्याध्यापकांची किंवा कार्यकारिणीची लेखी संमती घेऊन ठेवावी.

कृती

तुमच्या जवळच्या शाळेतील किंवा वाचनालयातील एक बालपुस्तक निवडा. ते एखाद्या मुलाला मोठ्याने वाचून दाखवा. ते कुठे अडखळले, कुठे हसले आणि कोणत्या चित्रावर थांबले, याची नोंद करा. त्या नोंदींच्या आधारे सुमारे १०० शब्दांत शिफारस लिहा. तीत 'संस्कारक्षम', 'बोधप्रद' आणि 'वाचनीय' हे शब्द वापरू नका.