घर पाडण्यापूर्वी : कौल, तुळई आणि चौकट यांचे पुढे काय?

जुने घर पाडण्याचा ठेका देताना मालक बहुधा एकच प्रश्न विचारतो : जागा किती दिवसांत मोकळी होईल? यंत्र लावले तर ती लवकर होते. पण मग पिढ्यान्‌पिढ्या टिकलेला साग आणि मातीचा ढिगारा एकाच ट्रकातून निघून जातो. ठेकेदार जुन्या लाकडाची किंमत आपल्या हिशेबात धरूनच दर सांगत असतो. म्हणून काय राखायचे आणि कोणाला द्यायचे, हे करारापूर्वीच लिहून घेतलेले बरे.

साहित्य वाचवायचे असेल तर घर ज्या क्रमाने बांधले, त्याच्या उलट क्रमाने ते उतरवावे लागते. आधी कौले, मग रिपा, वासे, आढे. त्यानंतर दारे-खिडक्या चौकटीसह, आणि शेवटी भिंती. चिरा किंवा वीट मातीत वा चुन्यात बसवलेली असेल तर ती अखंड निघते. सिमेंटने जोडलेली वीट मात्र सांध्यापाशी सुटण्याऐवजी स्वतःच फुटते. दुरुस्तीच्या नावाखाली जुन्या भिंतीला सिमेंट फासणाऱ्यांनी हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

कौलांचीही गंमत आहे. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला कारखाना काढला आणि साच्यातले, एकात एक अडकणारे कौल किनारपट्टीवर पसरले. माप ठरावीक असल्याने एका घराचे कौल दुसऱ्या घराला पुष्कळदा चालते. मध्य प्रदेशात वैनगंगेकाठच्या बालाघाटकडे मात्र हाताने घडवलेली अर्धगोल कौले दिसतात; तिथे त्यांना कवेलू म्हणतात. 1956 पूर्वी नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातला हा जिल्हा. मराठी तिथे आजही कानी पडते. प्रत्येक कवेलू थोडे वेगळे असते. त्यामुळे ती गोळा करून पाठवण्यापेक्षा शेजारच्याच घराच्या शाकारणीला देणे शहाणपणाचे.

दानाचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच राज्यात आहे. बाणावलीच्या ‘गोवा चित्र’ संग्रहालयाची इमारत व्हिक्टर ह्यूगो गोमिश यांनी पाडल्या गेलेल्या सुमारे 300 पारंपरिक घरांतील साहित्यातून उभारली. पुण्यात दिनकर केळकरांनी कोरीव दारे, खिडक्या जमवल्या, कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून संग्रहालयात पुन्हा मांडले आणि 1975 मध्ये सारा संग्रह महाराष्ट्र शासनाकडे सोपवला. अर्थात प्रत्येक चौकट संग्रहालयात जाण्याजोगी नसते. देवळाची ओसरी, शाळेची पडवी किंवा घर बांधणारा गरजू शेजारी, यांना साधा वासाही पुरतो. आधी त्यांची गरज व मापे विचारावीत, आणि वाहतुकीचा खर्च शक्यतो देणाऱ्याने उचलावा. न विचारता पाठवलेले साहित्य हे दान नव्हे, कचऱ्याचे स्थलांतर होय.

काही गोष्टी देऊच नयेत. अॅस्बेस्टॉसचे जुने पत्रे फोडू नयेत. त्यांचे तंतू फुप्फुसात जातात. जुन्या तैलरंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 2017 पासून लागू झाली. त्याआधीचा रंग कोरडा घासू नये, विशेषतः घरात लहान मुले असताना. लाकूड ठोकून पाहावे. पोकळ आवाज येणारी, वाळवी लागलेली तुळई दुसऱ्याच्या छपरात घालू नये. उरलेले लाकूड खिळे काढून, जमिनीपासून उंचावर, वारा खेळेल असे रचावे.

साग दुसऱ्या गावी न्यायचा असल्यास वनखात्याच्या परवान्याची चौकशी आधीच करावी. घराची छायाचित्रे, गाव आणि अंदाजे वय यांची नोंद ठेवली तर लाकूड कुठले हे दाखवणे सोपे जाते. संग्रहालयालाही चौकटीइतकीच ही नोंद हवी असते.