नऊ माणसांची वही
(लेखमाला : कामाचे कागद – लेखांक सहावा)

‘आमच्याकडे नऊच माणसं आहेत.’ कामगार कायद्याचा विषय काढला की लहान मिलमालकाचं हे उत्तर तयार असतं. आठ नाही, अकरा तर नाहीच, नऊ. कारण दहाव्या माणसाबरोबर कर्मचारी राज्य विमा येतो, सुरक्षा आणि आरोग्याची संहिता लागू होते आणि तपासणीला आलेल्या साहेबासमोर ठेवायचे कागद एकदम वाढतात. म्हणून आवारात चौदा जण चुंगड्या वाहत असले तरी वही नवावर थांबते. उरलेले पाच ‘हमालीवाले’ असतात, ‘ठेकेदाराचे’ असतात, नाहीतर नुसतेच ‘येतात-जातात’.

गेल्या आठवड्यात आपण हजेरी आणि पगाराच्या नोंदी पाहिल्या. आज अपघाताचे कागद पाहू. त्यासाठी कारध्याला जाऊ. भंडारा शहरातून निघून वैनगंगेचा पूल ओलांडला की कारधा लागतं. इथून एक रस्ता लाखनी-साकोलीकडे जातो, दुसरा अड्याळ-पवनीकडे. सकाळी या रस्त्यांवरून राइस मिल, वीटभट्टी, बांधकाम, ढाबा अशा कामांवर माणसं जाताना दिसतात, आणि दिवस रोवणीचे किंवा धान चुरण्याचे असले तर शेतावरही. जिल्हा धानाचा, त्यामुळे राइस मिल हा इथे सगळ्यांच्या ओळखीचा कारखाना. पट्टे, पुल्या, एलिव्हेटर, आणि उसना तांदूळ काढत असतील तर बॉयलर. यंत्रं फार मोठी नसतात, पण बाही पकडायला पुरतात.

समजा, अशाच एका मिलमध्ये तीस वर्षांच्या माणसाचा अंगठा फिरत्या पट्ट्यात गेला. रोजी ४५० रुपये, महिन्याला २६ दिवस काम, म्हणजे ११,७०० रुपये. भरपाईचा हिशेब कायद्यानेच घालून दिला आहे. महिन्याच्या मजुरीचे ६० टक्के घ्यायचे, त्याला वयाच्या तक्त्यातल्या आकड्याने गुणायचं (तिसाव्या वर्षासाठी तो २०७.९८ आहे), आणि आलेल्या रकमेचे, अंगठ्यासाठी ठरवलेले, ३० टक्के द्यायचे. हे येतात ४,३८,००६ रुपये. मनगटापासून पंजा गेला असता तर टक्केवारी ६० झाली असती, म्हणजे रक्कम दुप्पट. या हिशेबात धरायच्या मजुरीला २०२० पासून महिना १५,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे; आपला माणूस तिच्या आतच आहे.

आता याच माणसाची हजेरी वहीत महिन्याला तेराच दिवस लावलेली असेल तर? निम्मी हजेरी दाखवायची ही जुनी युक्ती, फंडाच्या आणि विम्याच्या वर्गणीपुरती. मजुरी ५,८५० होते आणि अंगठा २,१९,००३ रुपयांवर येतो. यंत्र तेच, जखम तीच. मुनीमजींनी शनिवारी संध्याकाळी ज्या खुणा केल्या नाहीत, त्यांनी दोन लाख एकोणीस हजार कापले. आणि ज्याचं नाव त्या वहीत मुळातच नाही, त्याला आधी हे सिद्ध करावं लागतं की आपण तिथे कामाला होतो.

मालक म्हणेल, यात माझा फायदाच झाला. इथेच त्याचा हिशेब चुकतो. भरपाईच्या कायद्याला माणसांची संख्या लागत नाही. यंत्र विजेवर किंवा इंजिनावर चालत असेल तर एका माणसाच्या जखमेचीही जबाबदारी मालकावर येते. ट्रॅक्टर किंवा यंत्रानं शेती करणाराही त्यात येतो, हे थ्रेशरवर मजूर लावणाऱ्या किती शेतकऱ्यांना ठाऊक आहे? ठेकेदाराचा माणूस असला तरी मूळ मालकाने आधी पैसे द्यायचे, मग ठेकेदाराकडून वसूल करायचे, असा नियम आहे. दहा, वीस हे आकडे दुसऱ्या कायद्यांचे. विजेवर चालणाऱ्या ठिकाणाला कारखाना म्हणायला नव्या सुरक्षा संहितेत वीस कामगार लागतात, ती संहिता आणि राज्य विमा लागू व्हायला दहा. अंगठ्याला एकच पुरतो.

उलट दहावा माणूस वहीत लिहिला असता तर राज्य विमा लागू झाला असता आणि भरपाईचं ओझं विमा महामंडळाकडे गेलं असतं. विमा असलेल्या माणसाला मालकावर वेगळा दावा करता येत नाही. मालकाची वर्गणी मजुरीच्या सव्वातीन टक्के, म्हणजे आपल्या उदाहरणातल्या मजुरीवर माणशी ३८० रुपये पंचवीस पैसे महिना. दहा माणसांचे ३,८०० रुपयांच्या घरात. एका अंगठ्याच्या भरपाईत दहा जणांची साडेनऊ वर्षांची वर्गणी निघाली असती. नऊ माणसांची वही ही मला तरी चलाखी वाटत नाही. तो नुसता महागाचा आळस आहे.

अपघात झाला की पहिला कागद कोणता बनतो? मिलमध्ये नाही बनत. तो बनतो दवाखान्यात, अपघात विभागाच्या खिडकीवर. ‘कसं लागलं?’ असं डॉक्टर विचारतात आणि सोबत आलेला माणूस सांगेल ते केसपेपरवर उतरतं. सोबत बहुधा मालकाचाच माणूस असतो. ‘घरी पडला’, ‘कुऱ्हाडीनं लागलं’, ‘गाडीवरून घसरला’ असं एक वाक्य तिथे गेलं की पुढे वकिलाला वर्षभर घाम गाळावा लागतो. जखमी माणूस वेदनेत असतो, बायको घाबरलेली असते, आणि शेठनं खर्च करतो म्हटलेलं असतं. तरीही घरच्यांनी त्या क्षणी एवढं तरी करावं : मिलमध्ये, अमुक यंत्रावर, अमुक वाजता लागलं, हे डॉक्टरांना स्वतः सांगावं आणि कागदावर तसंच लिहिलं आहे ना, हे कुणाकडून तरी वाचून घ्यावं. खरं लिहिलं म्हणून मालक उपचाराचा खर्च नाकारू शकत नाही. उपचारांचा प्रत्यक्ष खर्च देणं हे त्याच्यावर कायद्यानेच आहे.

दुसरा कागद मालकाचा, अपघाताची नोंदवही. कोण, केव्हा, कुठे, काय करत असताना, कोणत्या यंत्रावर, कुठे लागलं, कोणी पाहिलं, पुन्हा कामावर कधी आला. एवढंच. पाचवी शिकलेल्याला भरता येईल अशी ही वही, आणि तीच बहुतेक ठिकाणी कोरी सापडते. तिसरा कागद सरकारकडे जाणारी सूचना. १९४८ च्या कारखाने कायद्याने घातलेली कसोटी नव्या सुरक्षा संहितेतही कायम आहे : मृत्यू झाला, किंवा जखमेमुळे माणूस ४८ तास किंवा जास्त वेळ कामावर येऊ शकला नाही, तर कळवायलाच हवं. या ४८ तासांवर जे खेळ चालतात त्यांची एक वेगळी वही होईल. हाताला पट्टी बांधलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी बोलावून खुर्चीवर बसवून ठेवतात आणि हजेरी मांडतात, म्हणजे ‘कामावर आला’. सूचना गेली नाही की चौकशी होत नाही. चौकशी झाली नाही की पट्ट्यावर जाळी बसत नाही. मग त्याच पट्ट्यावर पुढचा माणूस उभा राहतो.

मोठ्या कारखान्यात असं लपवता येत नाही. २४ जानेवारी २०२५ ला याच जिल्ह्यातल्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, आठ कामगार गेले, आणि तासाभरात देशभर बातमी झाली. त्या आठ जणांची नावं वहीत होती, हुद्दे होते, पाळी होती. मिलच्या पट्ट्यात गेलेल्या अंगठ्याची बातमी होत नाही. त्याचा जो काही आवाज असतो तो कागदाचाच.

मृत्यूच्या बाबतीत कायदा आणखी कडक आहे, आणि इथे मालकांची सर्वांत मोठी फसगत होते. गावात पद्धत अशी की चार जाणती माणसं बसतात, आकडा ठरतो, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर ‘आपसी समझोता’ होतो, विधवेचा अंगठा घेतात, सरपंच साक्षीदार. ‘यापुढे कोणतीही मागणी राहणार नाही.’ कायद्याच्या लेखी हा कागद कोरा आहे. मृत्यूची भरपाई मालकानं थेट वारसांच्या हातात द्यायची नसते. ती सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करायची असते, वाटप तो करतो. थेट दिलेली रक्कम भरपाई धरलीच जात नाही. फक्त तीन महिन्यांच्या मजुरीइतकी उचल तेवढी वळती होते. हक्क सोडून देण्याचा करार तर मुळातच रद्दबातल. म्हणजे ज्यानं भल्या मनानं तीन लाख रोख दिले, त्याला उद्या पूर्ण रक्कम पुन्हा भरावी लागू शकते. जीवघेण्या अपघाताचा अहवाल सात दिवसांत पाठवायचा असतो, आणि भरपाई देय झाल्यापासून महिन्याच्या आत दिली नाही तर १२ टक्के व्याज, शिवाय सबळ कारण नसेल तर भरपाईच्या निम्म्यापर्यंत दंड.

ही सगळी तजवीज सरकारनं आपणहून केली असं समजायचं कारण नाही. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना आठवते. ती १८९० मध्ये मान्य झाली. पण त्याच निवेदनात कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार आणि जन्माचा अधू झाला तर उदरनिर्वाहाची सोय मागितली होती. ती कायद्यात यायला १९२३ साल उजाडलं, अंमल १ जुलै १९२४ पासून. म्हणजे एका मागणीसाठी चाळीस वर्षं. तो कायदा आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत एक प्रकरण म्हणून सामावला आहे. तक्ते, टक्के आणि हिशेबाची रीत जवळपास तीच.

नव्या संहितेत एक गोष्ट मात्र कारध्यासारख्या गावासाठी फार कामाची आहे. घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघात, कामाशी त्याचा वेळेचा आणि जागेचा संबंध दिसत असेल, तर कामावरचाच मानला जाईल. पहाटे पुलावरून मोटारसायकलनं मिलला जाणाऱ्या माणसाला हे लागू आहे. संहिता लागू व्हायच्या चारच महिने आधी, २९ जुलै २०२५ ला, सर्वोच्च न्यायालयानं जुन्या कायद्याचाही असाच अर्थ लावला, आणि ते प्रकरण मराठवाड्यातलं होतं. साखर कारखान्याचा एक रखवालदार २२ एप्रिल २००३ ला पहाटे तीनच्या ड्युटीवर निघाला आणि कारखान्यापासून पाचेक किलोमीटरवर रस्त्यातच अपघातात गेला. उस्मानाबादला २००९ मध्ये कुटुंबाला सुमारे सव्वातीन लाख मंजूर झाले, २०११ मध्ये उच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला, आणि शेवटी दिल्लीत तो पुन्हा कायम झाला. बावीस वर्षं लागली. त्या निकालात जमेची बाजू काय होती? त्याची ड्युटी पहाटे तीन ते सकाळी अकरा होती, ही गोष्ट वादातच नव्हती. ज्याच्या पाळीची नोंद कुठेच नाही, तो पहाटे पुलावर कशासाठी होता हे कोण सांगणार?

‘एवढ्या वह्या लिहायला माणूस कुठून आणू?’ ही मालकांची तक्रार मात्र अगदीच खोटी नाही. एके काळी एकाच माणसाचं नाव वेगवेगळ्या कायद्यांखाली वेगवेगळ्या नमुन्यांत लिहावं लागे. पण २०१७ मध्ये केंद्रानं नऊ कायद्यांखालच्या ५६ नोंदवह्यांच्या जागी पाच सामायिक नमुने आणले, संगणकावर ठेवण्याची मुभाही दिली. वेतन संहितेनं पगाराची चिठ्ठी आवश्यक केली, सुरक्षा संहितेनं नेमणुकीचं पत्र. मजुरी दिली की नाही असा वाद झाला तर ती दिली हे मालकानं सिद्ध करायचं, असंही वेतन संहिता सांगते. म्हणजे वही नसण्याचा तोटा आता आधी मालकाच्या पदरात पडतो. दहा माणसांच्या मिलला हे काम दिवसाला पंधरा मिनिटांचं आहे. धानाच्या प्रत्येक कट्ट्याची आवक-जावक जो लिहितो, त्याला माणसाची लिहिता येत नाही हे मी मानायला तयार नाही.

मजुरानं काय करावं? मालकाची वही आपल्या हातात नसते, म्हणून स्वतःची ठेवावी. खिशातल्या डायरीत तारीख, काम, मिळालेले पैसे आणि घेतलेली उचल. मजुरी शक्य तर खात्यावर किंवा फोनवर घ्यावी, तिची नोंद आपोआप राहते. मुनीमजी हजेरीचा कागद व्हॉट्सॲपवर टाकत असतील तर तो पुसू नये. बांधकामावरच्या माणसानं वर्षातल्या ९० दिवसांच्या कामाचं प्रमाणपत्र घेऊन कल्याणकारी मंडळाची नोंदणी चालू ठेवावी. अपघात झालाच तर मालकाला लेखी कळवावं आणि त्याची प्रत ठेवावी. वकिलाची फी परवडत नसेल तर भंडाऱ्याच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. कायद्याच्या निकषांत बसणाऱ्या कामगाराला, तसंच स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे वकील मोफत मिळतो.

पुढच्या आठवड्यात घरी बसून बिडी वळणाऱ्या बायांच्या लॉगबुकाविषयी. तोवर एवढं लक्षात असू द्या : भरपाईचा दावा अपघाताच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो.