स्पॅनिश क्रियापदरूपे व कर्तृवाचक सर्वनामे

स्पॅनिश ही लॅटिनपासून उद्भवलेल्या रोमान्स भाषांपैकी एक भाषा. तिच्या क्रियापदाचे रूप काळ व अर्थ यांबरोबरच कर्त्याचे पुरुष आणि वचनही दर्शविते. त्यामुळे कर्तृवाचक सर्वनाम वाक्यातून पुष्कळदा गाळले जाते. आंतोन्यो दे नेब्रीहा याने १४९२ मध्ये या भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले.

धातूचे मूळ रूप -आर, -एर किंवा -ईर यांपैकी एका प्रत्ययाने संपते व त्यावरून क्रियापदाचा गण ठरतो. आब्लार (बोलणे) या पहिल्या गणातील क्रियापदाची वर्तमानकाळी रूपे अशी : आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. कोमेर (खाणे) याची रूपे कोमो, कोमेस, कोमे; कोमेमोस, कोमेइस, कोमेन अशी होतात. बीबीर (जगणे, राहणे) या तिसऱ्या गणातील क्रियापदाची वर्तमानकाळी रूपे बीबीमोस व बीबीस ही दोन वगळता दुसऱ्या गणाप्रमाणेच चालतात.

मराठी वाचकाने ही रूपे ‘बोलतो–बोलते’ यांच्याशी ताडून पाहू नयेत, कारण त्या मराठी रूपांत लिंगभेद आहे व स्पॅनिश रूपांत तो नाही. खरे साम्य भविष्यकाळाशी आहे. जाईन, जाशील, जाईल, जाऊ, जाल, जातील ही सहा रूपे परस्परांहून भिन्न आहेत. त्यांत लिंग दिसत नाही आणि ‘उद्या जाईन’ एवढे म्हटले तरी कर्ता कळतो. आब्लो म्हणणारी व्यक्ती पुरुष की स्त्री, हे शब्दावरून समजत नाही. (कोल्हापूर–सांगलीकडील बोलीत अनेक स्त्रिया ‘मी जातो’ असे म्हणतात, त्यांना या बाबतीत काही नवीन शिकावे लागत नाही.)

भूतकाळात मात्र मराठी भाषकाची वाट चुकण्याचा संभव अधिक. ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी पोळी खाल्ली’ या कर्मणी प्रयोगांत क्रियापद कर्मानुसार बदलते. स्पॅनिशमध्ये दोन्ही ठिकाणी कोमी हेच रूप येते. ते केवळ कर्त्याला बांधलेले असते. कर्माकडे पाहून प्रत्यय निवडण्याची ही सवय मोडण्यास रूपावली पाठ करण्यापेक्षा अधिक वेळ लागतो.

सर्वनामांपैकी यो म्हणजे मी. तू हे अर्थाने व उच्चारानेही मराठी ‘तू’च्या अगदी जवळचे असून दोहोंचे मूळ एकाच इंडो-यूरोपीय सर्वनामात आहे. एल (तो), एया (ती), नोसोत्रोस (आम्ही), वडीलकीचे वा औपचारिक उस्तेद, त्याचे अनेकवचन उस्तेदेस, तसेच एयोस व एयास (ते, त्या) ही इतर प्रमुख सर्वनामे होत. सर्वच स्त्रिया असतील तर नोसोत्रोसऐवजी नोसोत्रास म्हणतात; एक जरी पुरुष असला तरी पुल्लिंगी रूप. उलट, ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ व सामावून घेणारे ‘आपण’ हा मराठीतील उपयुक्त भेद स्पॅनिशमध्ये नाही.

उस्तेद हे वुएस्त्रा मेर्सेद (आपली कृपा) या आदरार्थी संबोधनाचे झिजलेले रूप आहे. मुळात ते नाम असल्याने त्याच्याबरोबर क्रियापद तृतीयपुरुषी येते : उस्तेद आब्ला. मराठीत ‘तुम्ही बोलता’ असे अनेकवचन वापरून आदर व्यक्त होतो, हा फरक ध्यानी ठेवावा. द्वितीयपुरुषी अनेकवचनी वोसोत्रोस मुख्यत्वे स्पेनमध्ये चालते. अमेरिका खंडातील देशांत त्याच्या जागी उस्तेदेस येते. अर्जेंटिनात तूऐवजी वोस प्रचलित असून त्याबरोबरचे रूप आब्लास असेच, पण अंत्य स्वरावर आघात देऊन उच्चारले जाते.

सर्वनाम केव्हा घालावे? विरोध किंवा भर दाखवावयाचा असेल तेव्हा (‘मी बोलतो, तो नाही’), अथवा संदिग्धता टाळण्यासाठी. अपूर्ण भूतकाळातील आब्लाबा हे प्रथम व तृतीय अशा दोन्ही पुरुषांचे एकवचन आहे, म्हणून तेथे सर्वनामाची गरज अधिक भासते. प्रत्येक वाक्यात यो घालणे व्याकरणाला धरून असले, तरी कानाला ‘मी, मी’ असे लागते.

काही क्रियापदांत आघात धातूच्या स्वरावर आला की तो स्वर संयुक्त होतो : पोदेर (शकणे) याची रूपे प्वेदो, प्वेदेस, प्वेदे, प्वेदेन अशी होतात, पण आघात प्रत्ययावर असल्यामुळे पोदेमोस, पोदेइस. ईर (जाणे) हे क्रियापद तीन लॅटिन धातूंचे मिश्रण आहे : मूळ रूप ईर, वर्तमानकाळी वॉय, भूतकाळी फुई. ‘जातो’ व ‘गेला’ यांचा जोड जाणणाऱ्याला याचे नवल वाटू नये.

प्रत्यय नाहीसे झाले तर काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. रायगड जिल्ह्यातील कोर्लई येथील ख्रिस्ती समाजाची बोली पोर्तुगीजपासून, म्हणजे स्पॅनिशच्या निकटच्या भाषेपासून, बनली. १७४० मध्ये चौल मराठ्यांकडे गेल्यावर पोर्तुगीजांशी तिचा संबंध क्षीण झाला. तिच्या क्रियापदाला काळ आहे, पण पुरुष-वचनाचे प्रत्यय उरलेले नाहीत. कर्ता कोण हे सर्वनाम वा प्रसंग सांगतो. मराठीतून घेतलेली क्रियापदे तिने उकारान्त अशा एका स्वतंत्र गणात बसविली आहेत.